सॅक्सन सुरी ते ऊसतोडीचा कोयता : जुन्या पात्याची प्रतिकृती घेताना

(१)
एका लोकसमूहाचे नाव सुरीवरून पडले. इंग्लंडच्या इतिहासात ज्यांना सॅक्सन म्हणतात, त्यांच्या भाषेत सुरीला ‘सॅक्स’ असा शब्द होता. दहाव्या शतकात कॉर्वे येथील मठात राहणाऱ्या विडुकिंड या इतिहासकाराने सॅक्सनांचे नाव याच सुरीवरून आले, असे लिहून ठेवले. आज या सुरीच्या प्रतिकृती विकत मिळतात. तशाच शिवकालीन म्हणून तलवारी, कट्यारी आणि वाघनखेही मिळतात. प्रश्न असा की, प्रतिकृती घेणारा नेमके काय घेतो? घोड आणि भीमेच्या काठी, शिरूर-दौंडच्या परिसरात, या प्रश्नाला तीन हजार वर्षांची पार्श्वभूमी आहे. हा थ्रेड त्याविषयी.

(२)
प्रथम सॅक्स. हे एकधारी पाते. एका बाजूला धार, दुसऱ्या बाजूला जाड पाठ. पाचव्या ते अकराव्या शतकापर्यंत उत्तर युरोपात त्याचे अनेक प्रकार प्रचलित होते. काही बोटाएवढ्या रुंद पात्याच्या लहान सुऱ्या, तर काही तलवारीच्या जवळ जाणारी लांब पाती. इंग्लंडमध्ये विशेष आढळणाऱ्या प्रकारात पाठ काही अंतर सरळ जाते आणि मग एकाएकी कोन करून टोकाकडे उतरते. मूठ लाकडाची, शिंगाची किंवा हाडाची असे. ती बहुधा कुजून गेली आणि मातीत उरले ते केवळ लोखंड. त्यामुळे सॅक्सच्या प्रत्येक प्रतिकृतीत पाते पुराव्यावरून घडवता येते; मूठ मात्र बरीचशी अनुमानाची असते.

(३)
या जातीतील सर्वांत प्रसिद्ध पाते १८५७ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागात थेम्स नदीत एका मजुराला सापडले. आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. काळ सुमारे दहावे शतक. एकूण लांबी ७२ सेंटिमीटरच्या आसपास, त्यांपैकी पाते ५५ सेंटिमीटर. पात्यावर तांबे, पितळ आणि चांदीची तार ठोकून जुन्या इंग्लंडच्या रून लिपीतील २८ अक्षरांची पूर्ण वर्णमाला बसवली आहे. शेजारी ‘बेगनॉथ’ हे नाव. तो घडवणारा होता की मालक, हे त्या अक्षरांत लिहिलेले नाही.

(४)
या वर्णमालेतील काही अक्षरांचा क्रम नेहमीपेक्षा वेगळा आहे. येथेच प्रतिकृतीकाराची परीक्षा होते. त्याने क्रम ‘सुधारला’, तर वस्तू अधिक शुद्ध दिसेल. पण दहाव्या शतकातील एका कारागिराला ती लिपी कितपत अवगत होती, याचा पुरावा पुसला जाईल. जुन्या वस्तूतील चूक हीदेखील माहिती असते. चूक जशीच्या तशी ठेवणारी प्रतिकृती मूळ वस्तूशी प्रामाणिक. ती दुरुस्त करणारी प्रतिकृती म्हणजे आजच्या माणसाने केलेली नवी वस्तू.

(५)
केंट परगण्यातील सिटिंगबोर्न येथे सापडलेली दुसरी एक सॅक्स याहून बोलकी आहे. तिच्या एका बाजूला ‘बिओर्हतेल्मने मला घडवले’ आणि दुसऱ्या बाजूला ‘सिगेबेरेख्ट माझा धनी’ अशा अर्थाची वाक्ये कोरलेली आहेत. सुरी स्वतःच बोलते आहे. घडवणारा आणि बाळगणारा, दोघांची नावे हजार वर्षे टिकली. आजच्या बाजारातील बहुसंख्य प्रतिकृतींवर यांतले एकही नाव नसते. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

(६)
आता प्रतिकृती कशी भरकटते, ते पाहावे. इंग्लंडमधील एसेक्स परगण्याच्या चिन्हावर तीन सॅक्स दाखवलेल्या आहेत. एसेक्स म्हणजे ‘पूर्वेकडचे सॅक्सन’. त्या पात्यांच्या पाठीवर एक खाच आहे आणि पाती मोठ्या बाकाची आहेत. उत्खननात मिळालेल्या सॅक्सना अशी खाच नाही. पूर्व सॅक्सन राजांचे चिन्ह म्हणून ही आकृती सतराव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथांत आली. तोवर ते राजे जाऊन अनेक शतके लोटली होती. पुढे एका चित्रावरून दुसरे, दुसऱ्यावरून तिसरे असे होत ती खाच कायमची झाली.

(७)
यातून एक नियम हाती लागतो. चित्रावरून केलेले चित्र मूळ वस्तूपासून दूर जाते; वस्तूवरून केलेली वस्तू मूळच्या जवळ राहते. म्हणून कोणतीही प्रतिकृती समोर आली की पहिला प्रश्न ‘किती जुनी दिसते?’ असा नसावा. ‘कोणत्या वस्तूवरून केली?’ असा असावा. ती मूळ वस्तू कोणत्या संग्रहालयात आहे, तिची लांबी-रुंदी-जाडी किती, वजन किती, कोणता भाग पुराव्याचा आणि कोणता कल्पनेचा, हे विक्रेत्याला सांगता आले पाहिजे. हाच निकष हाती घेऊन आता घोड नदीच्या काठी यावे.

(८)
घोड नदी शिरूरजवळून वाहत जाते आणि पुढे दौंडच्या परिसरात भीमेला मिळते. शिरूर गावाला ‘घोडनदी’ हे नाव आजही चालते. याच नदीच्या काठी शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. पुण्याच्या पूर्वेस सुमारे ९० किलोमीटर. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बारा हंगाम येथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. इसवी सनपूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती त्यातून उजेडात आली.

(९)
हा काळ ताम्रपाषाणयुगाचा. तांबे माहीत होते, पण ते दुर्मीळ आणि दुरून येणारे. रोजची कापाकापी दगडी पात्यांनी होई. दख्खनच्या बेसॉल्टमधील पोकळ्यांत तयार झालेला कॅल्सेडनी हा गारगोटीच्या जातीचा दगड नदीच्या पात्रात सहज मिळतो. इनामगावकरांनी त्यापासून दाढीच्या पात्यासारखी पातळ, समांतर कडांची पाती काढली. ती लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत ओळीने बसवली की विळा तयार. धान्याची ताटे कापून कापून अशा पात्यांच्या धारेवर एक विशिष्ट चकाकी चढते. त्या चकाकीवरून पात्याने काय कापले, हे अभ्यासकांना सांगता येते.

(१०)
एवढे सुबक पाते दगडातून निघते कसे? त्याचे तंत्र असे : दगडाच्या गाभ्यावर दोन्ही बाजूंनी आळीपाळीने छिलके उडवून आधी एक उभी धार, म्हणजे कणा, तयार करायचा. मग वरून योग्य दाब किंवा आघात दिला की त्या कण्याला धरून एक लांब पाते सुटते. त्याच्या मागोमाग तशीच पाती निघत जातात. जगभरच्या अभ्यासकांनी अशी पाती स्वतः काढून पाहिली आणि मग त्यांना उत्खननातील छिलक्यांचा अर्थ लागला. प्रतिकृतीचा सर्वांत मोलाचा उपयोग हाच. ती दिवाणखान्याची शोभा असण्याआधी एक प्रयोग असते.

(११)
घोड नदीच्याच काठी, पुणे जिल्ह्यातील चांडोली येथे १९६० मध्ये उत्खनन झाले. तेथे तांब्याचे एक अणकुचीदार पाते मिळाले. मध्यभागी उभा उंचवटा, आणि मुठीच्या टोकाला कीटकाच्या स्पर्शिकांसारखे दोन फाटे. उत्तर भारतातील ताम्रनिधींमध्ये मिळणाऱ्या शस्त्रांशी त्याची जवळीक अभ्यासकांनी दाखवून दिली. म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी घोडेच्या काठी दगडी विळा आणि तांब्याचे शस्त्र एकाच काळात नांदत होते. एखाद्याला या भूमीतील सर्वांत जुन्या पात्याची प्रतिकृती हवी असेल, तर तिचा शोध तलवारीपाशी थांबत नाही.

(१२)
आता दोन-अडीच हजार वर्षे ओलांडून सतराव्या शतकात यावे. भीमेचे खोरे तेव्हा फौजांच्या वाटेवर होते. दौंड तालुक्यासमोर, भीमेच्या पैलतीरावर पेडगावचा बहादूरगड आहे. मोगलांच्या दख्खन मोहिमेतील ते मोठे ठाणे. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना कैद करून येथेच आणले गेले. त्याच वर्षी ११ मार्चला त्यांची हत्या झाली. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे त्यांची समाधी आहे. या स्थळांवर माथा टेकवून परतणाऱ्या तरुणाला त्या काळातील शस्त्र आपल्या घरी असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. त्या भावनेचा मान राखायचा, तर वस्तूही तितकीच खरी हवी.

(१३)
खरी म्हणजे कशी? येथे पहिला धक्का बसतो. सतराव्या शतकातील मराठ्यांच्या अनेक उत्तम तलवारींची पाती युरोपातून आलेली होती. अशा पात्याच्या तलवारीला ‘फिरंग’ म्हणत. नावातच तिचे मूळ आहे. पाते सरळ, लांब, लवचीक. मूठ मात्र देशी घडणीची, हाताला संरक्षण देणारी. मराठा सैनिकाने परक्या देशाचे पाते कमीपणाचे मानले नाही. चांगले पोलाद मिळेल तेथून घेतले आणि आपल्या लढण्याच्या पद्धतीला साजेशी मूठ त्यावर चढवली. त्यामुळे ‘शंभर टक्के देशी शिवकालीन तलवार’ अशी जाहिरात इतिहासाच्या कसोटीवर डळमळीत ठरते.

(१४)
दुसरा धक्का मुठीचा. आजचे सुरीचे शौकीन एक प्रश्न हमखास विचारतात : पात्याचे लोखंड मुठीच्या टोकापर्यंत गेले आहे का? आधुनिक सुरीसाठी हा प्रश्न योग्य आहे. परंतु हिंदुस्थानी तलवारीच्या पात्याचा मुठीत जाणारा भाग बहुधा आखूड असे. पोकळ लोखंडी मुठीत तापवलेली लाख भरून तो भाग तिच्यात बसवीत. लाख थंड झाली की पाते पक्के. पाते मोडले तर मूठ तापवून नवे पाते बसवता येई. म्हणजे एका वस्तूतील दोष हा दुसऱ्या वस्तूतील मूळ धर्म असू शकतो. सॅक्सचा निकष तलवारीला आणि तलवारीचा सॅक्सला लावणे, दोन्ही व्यर्थ.

(१५)
तिसरी गोष्ट वजनाची. बाजारातील बहुतेक शोभेच्या तलवारी हातात घेताच टोकाकडे झुकतात. कारण त्या एकाच जाडीच्या पत्र्यातून कापलेल्या असतात. मूळ तलवारीच्या पात्याची जाडी मुठीपासून टोकाकडे हळूहळू कमी होत जाते आणि म्हणूनच ती हाताला हलकी लागते. जुनी माणसे प्रचंड वजनाच्या तलवारी फिरवीत, ही समजूत अशा अवजड नकलांनीच पोसली आहे. चुकीची प्रतिकृती केवळ पैसे वाया घालवत नाही. ती पूर्वजांविषयी चुकीची कल्पना मनात रुजवते.

(१६)
चौथी गोष्ट पोलादाची. विक्रेते ‘दमास्कस’ हा शब्द सैल हाताने वापरतात. त्यात किमान तीन वेगळ्या गोष्टी मिसळतात. वेगवेगळ्या जातींच्या लोखंडाच्या सळ्या पिळून एकत्र ठोकल्या की नक्षी उमटते. काही सॅक्स अशाच घडवलेल्या आहेत. दख्खनचे पोलाद निराळे : बंद मुशीत लोखंड आणि कर्बयुक्त पदार्थ वितळवून केलेले, ज्याला युरोपीय ‘वुट्झ’ म्हणत. त्यातील लहरी ठोकून जोडलेल्या थरांच्या नसतात. त्या धातूच्या आतील रचनेतून उमटतात. तेलंगणातील कोनसमुद्रम हे त्याचे एक नामांकित केंद्र. तिसरी जात म्हणजे साध्या पत्र्यावर आम्लाने उमटवलेली रेघोट्यांची नक्षी. बाजारात या जातीलाही तेच नाव मिळते.

(१७)
वुट्झची प्रतिकृती करण्याचा ध्यास मोठमोठ्यांनी घेतला होता. विजेच्या संशोधनासाठी ओळखला जाणारा मायकेल फॅरडे याने १८१९ मध्ये या हिंदी पोलादाचे पृथक्करण प्रसिद्ध केले आणि जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या-शस्त्रे घडवणाऱ्या कारागिरासह मिश्रधातूंचे प्रयोग केले. उत्तर बरेच उशिरा मिळाले. १९९० च्या दशकात अमेरिकेत धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होव्हन आणि लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी मिळून तशी पाती घडवली आणि व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा अत्यल्प अंशही त्या लहरींसाठी निर्णायक ठरतो, हे दाखवले. शास्त्रज्ञ एकटा पुरला नाही. ऐरणीवरचा हातही लागला.

(१८)
आता सर्वांत नाजूक उदाहरण : वाघनख. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील वाघनख जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात प्रदर्शनासाठी आले. ते ग्रँट डफच्या घराण्याकडून संग्रहालयात गेले. डफ १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यात कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता. वस्तूसोबतच्या पेटीवर हे शिवाजी महाराजांचे वाघनख असल्याचा मजकूर आहे. परंतु १६५९ मध्ये प्रतापगडावर वापरलेले वाघनख हेच, याची खातरजमा करता येत नाही, असे संग्रहालय स्वतःच नोंदवते. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या सभासद बखरीत त्या प्रसंगी बिचवा आणि वाघनख या दोन्हींचा उल्लेख आहे.

(१९)
येथे दोन विधाने वेगळी ठेवली पाहिजेत. महाराजांनी वाघनख वापरले, याला बखरीचा आधार आहे. लंडनची वस्तू तीच, याला पेटीवरच्या मजकुराचा आधार आहे. पहिले विधान दुसऱ्यावर अवलंबून नाही. त्यामुळे दुसऱ्याबद्दल शंका घेतल्याने पहिल्याला धक्का लागत नाही. आज विकत मिळणारे वाघनख पाहताना हा विवेक उपयोगी पडतो. त्याचा घडवणारा ‘लंडनच्या संग्रहालयातील वस्तूवरून केलेले’ म्हणू शकतो, ‘त्या काळातील वाघनखासारखे’ म्हणू शकतो. ‘महाराजांचे वाघनख जसेच्या तसे’ असे म्हणण्याइतका पुरावा त्याच्यापाशी नाही. जो हा फरक सांगतो, तो विक्रेता विश्वासाचा.

(२०)
प्रतिकृतींची गरज का भासते? कारण घडवणाऱ्यांची परंपरा खंडित झाली. शस्त्रकारांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे फौज. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि ती फौज विखुरली. याच शिरूरला कंपनीची छावणी होती. तेथूनच ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी कोरेगावकडे निघाली होती. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यार बाळगण्यावर परवान्याचे बंधन आले. गिऱ्हाईक गेले, मोकळीक गेली आणि त्याबरोबर पाते घडवण्याचे बारकावे वापरातून गेले. लाखेचे प्रमाण किती, पाणी केव्हा द्यायचे, हे ज्ञान कागदावर क्वचितच उतरले होते. ते हातात होते.

(२१)
परंतु लोहारकाम थांबले नाही. बलुतेदारीत लोहार हा गावगाड्याचा आधार होता. नांगराचा फाळ शेवटणे, विळ्याला धार काढणे, कुऱ्हाडीला पाणी देणे ही त्याची वर्षभराची कामे. त्याच्या जोडीला पाल ठोकून गावोगाव फिरणारे घिसाडी. महाराष्ट्रात त्यांची गणना भटक्या जमातींत होते. रस्त्याकडेला भाता, ऐरण आणि कोळशाची भट्टी. पुरुष सांडशीने तापलेले लोखंड धरतो आणि स्त्री घण मारते. जुन्या मोटारीच्या कमानपाट्याचे पोलाद त्यांच्या हातून कोयत्यात, कुऱ्हाडीत उतरते. लोखंडाचा रंग पाहून ताव ओळखणारी नजर आजही जिवंत आहे. मात्र इतिहासप्रेमी ग्राहक तिकडे सहसा वळत नाही.

(२२)
शिरूर-दौंडचा पट्टा उसाचा. दौंडमध्ये पाटसला, शिरूरमध्ये न्हावऱ्याला साखर कारखाना उभा राहिला. हंगामात बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांच्या हातातला कोयता पाहावा : एकधारी पाते, जाड पाठ, लाकडी मूठ, पुढच्या बाजूला वजन, एका घावात कांडे तोडणारी घडण. सॅक्सची कामाची बाजू ज्याला समजून घ्यायची आहे, त्याच्यासाठी हा कोयता संग्रहालयाच्या काचेइतकाच बोलका. सॅक्सही बहुतांश काळ शेतात, स्वयंपाकघरात, लाकूडकामात राबत होती. युद्ध हा तिच्या आयुष्यातील एक प्रसंग. काम हे तिचे आयुष्य.

(२३)
हत्यार आणि अवजार यांतली ही सीमा कायद्यालाही आखावी लागते. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांच्या यादीत तलवारी, खंजीर, भाले यांच्यासह ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक उपयोगाची साधने त्यातून वगळली आहेत. विनापरवाना तलवार बाळगल्याबद्दल महाराष्ट्रात गुन्हे दाखल होतात. बेगनॉथच्या नावाची सॅक्स २१ इंचांहून लांब पात्याची. तिची धारदार प्रतिकृती या मर्यादेच्या कितीतरी पलीकडची. २०२३ मध्ये पुण्यात कोयत्याने होणाऱ्या गुन्ह्यांमुळे कोयता विकताना आधारकार्ड पाहण्याच्या सूचना पोलिसांनी दिल्या. म्हणून खरेदीआधी नियम पाहावा, बिल जपावे आणि प्रतिकृती बिनधारेचीच घ्यावी. अभ्यासाला धार लागत नाही.

(२४)
आता घरातील वस्तूंकडे. अनेक जुन्या घराण्यांच्या देव्हाऱ्यात पिढ्यान् पिढ्या ठेवलेली तलवार किंवा कट्यार असते. खंडेनवमीला ती बाहेर निघते आणि त्याच दिवशी कधी भरड कागदाने, कधी आम्लाने, कधी यंत्रावर घासून लखलखीत केली जाते. या एका दिवसात दोनशे-तीनशे वर्षांचा पुरावा नाहीसा होऊ शकतो : पात्यावरील कोरीव अक्षरे, सोन्या-चांदीच्या नक्षीचे अवशेष, पोलादातील लहरी, युरोपीय कारखान्याची खूण. बाजारातली चकचकीत नक्कल डोळ्यांत भरलेली असते. खरी वस्तू तिच्यासारखी दिसावी, या हट्टापायी खरी वस्तू बिघडते. प्रतिकृतीने केलेले हे सर्वांत मोठे नुकसान.

(२५)
उपाय साधा आहे. जुने पाते कोरड्या मऊ कापडाने पुसावे, त्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा, उघड्या हाताने धरल्यास घामाचे डाग राहू देऊ नयेत आणि दमट म्यानात वर्षभर कोंडू नये. काळसर झालेला रंग हा घाण नव्हे. ते वस्तूचे वय आहे. पूजेपूर्वी दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे घेऊन, लांबी-रुंदी-वजन लिहून ठेवावे. घरातील वडीलधाऱ्यांना त्या शस्त्राविषयी काय ठाऊक आहे, तेही त्याच वहीत उतरवावे. नोंद झालेली वस्तू हरवली तरी इतिहास उरतो.

(२६)
याच्या उलट एक फसवणूक चालते : नवी वस्तू मुद्दाम गंजवून जुनी म्हणून विकणे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी कारागिरीची वस्तू पुरावशेषात मोडते आणि तिच्या व्यापारावर व निर्यातीवर बंधने आहेत. जो विक्रेता एकीकडे ‘अस्सल तीनशे वर्षांची’ म्हणतो आणि दुसरीकडे कोणताही कागद देत नाही, तो एकतर खोटे बोलतो किंवा कायदा मोडतो. प्रामाणिक प्रतिकृतीला जुनेपणाचे सोंग लागत नाही. ती नवीन असते आणि नवीन असल्याचे सांगते.

(२७)
थोडक्यात, प्रतिकृती घेणाऱ्याने विचारायचे प्रश्न असे :
• मूळ वस्तू कोणती आणि ती कोठे आहे?
• मापे आणि वजन मूळच्या जवळ आहेत का?
• जाडी टोकाकडे कमी होत जाते का?
• मूठ त्या काळाच्या पद्धतीने बसवली आहे का?
• पोलादाविषयी वापरलेला शब्द खरा आहे का?
• कोणता भाग अनुमानाचा आहे?
• घडवणारा कोण?
शेवटचा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो.

(२८)
सिटिंगबोर्नच्या सुरीवर बिओर्हतेल्मचे नाव आहे, म्हणून हजार वर्षांनंतरही त्याचा हात ओळखता येतो. आजच्या प्रतिकृतीवरही घडवणाऱ्याचे नाव, वर्ष आणि ‘प्रतिकृती’ हा शब्द, एवढे तीन तपशील कोरून घ्यावेत. नाहीतर शंभर वर्षांनी घोडनदीच्या एखाद्या घरात सापडलेले हे पाते ‘सतराव्या शतकातील’ म्हणून कोणाच्या तरी प्रबंधात शिरेल, आणि एसेक्सच्या खाचेसारखी आणखी एक चूक इतिहासात रुजेल. नाव कोरल्याने कारागिराला मान मिळतो आणि पुढच्या अभ्यासकाची फसगत टळते.

(२९)
पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, येरवड्याचे डेक्कन कॉलेज आणि साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय ही शिरूर-दौंडच्या तरुणाच्या आवाक्यातली ठिकाणे आहेत. खरेदीआधी मूळ वस्तू एकदा तरी डोळ्यांनी पाहावी. मग येत्या खंडेनवमीला देव्हाऱ्यासमोर मांडामांड पाहावी : तलवारीशेजारी विळा, कोयता, पहार, फाळ. हळदकुंकू सर्वांना सारखेच. ज्या समाजाने आपल्या नावात सुरी वागवली, त्यांनाही हे दृश्य अनोळखी वाटले नसते. पाते कोणी घडवले आणि त्याने काय काम केले, एवढे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हाती प्रतिकृतीही इतिहासाचे साधन होते.